खोलीवर एकटं राहताना स्वतःशी बोलायचं कसं

माण तालुक्यातून मी साताऱ्याला आले ती स्पर्धा परीक्षेच्या तयारीला. तीन मुलींबरोबर एक खोली, मेसचा डबा आणि अभ्यासिकेत भिंतीकडच्या रांगेतली एक खुर्ची, एवढाच संसार. दुसऱ्यांदाही पूर्व परीक्षा निघाली नाही, त्या संध्याकाळी खोलीवर येऊन पडले आणि पुढचे तीन आठवडे मनाने तिथेच पडून राहिले. सकाळी उठायचे, अभ्यासिकेत जायचे, पुस्तक उघडायचे, आणि त्याच पानावर दुपार व्हायची. आईचा फोन आला की "जेवले गं" म्हणायचे. जेवलेले नसायचे.

तेव्हा एका मैत्रिणीने व्हिडिओ पाठवला. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायचं, 'मी यशस्वी आहे, मी समर्थ आहे', एकवीस दिवस. मी कपाटाच्या दारावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. नवव्या दिवशी फाडून टाकल्या, कारण वाचलं की आतून लगेच उत्तर यायचं, "होय तर! दोनदा आपटलेली यशस्वी."

त्यानंतर जे खरंच उपयोगी पडलं ते खाली लिहिलंय. काही गोष्टी सिव्हिलमधल्या समुपदेशक ताईंनी शिकवल्या, काही नंतर वाचून कळल्या, काही चुकतमाकत. मी डॉक्टर नाही. गावाकडून साताऱ्यात, कराडला, सांगलीला शिकायला आलेली पोरंपोरी डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय, पण घरी राहणाऱ्यांनाही चालेल.

काय काय लागेल

- एक साधी शंभर पानी वही आणि पेन. मोबाईलमधल्या नोट्स नकोत, तिथे लिहायला गेलं की बोट आपोआप दुसरीकडे जातं.
- वही ठेवायला अशी जागा, जिथे रूममेटचा हात जाणार नाही. हे किरकोळ वाटेल, पण कुणी वाचेल ही भीती असली की माणूस खोटं लिहितो.
- मोबाईलमध्ये सेव्ह केलेला एक नंबर: १४४१६. हा काय आहे ते पुढे सांगते, पण सेव्ह आत्ताच करा.
- रोज पंधरा मिनिटं. मी रात्रीच्या डब्यानंतर बसायचे.

१. तीन दिवस नुसतं ऐका

पहिले तीन दिवस काहीही सुधारायचं नाही. मन बिघडलं असं वाटलं, की त्या क्षणी डोक्यात कोणतं वाक्य चाललं होतं तेवढं जसंच्या तसं उतरवायचं. आपल्या बोलीत. 'माझा आत्मविश्वास कमी झाला आहे' असं कुणाच्याही डोक्यात येत नसतं. माझ्या वहीतली पहिल्या दिवसाची वाक्यं अशी होती:

"तुला कायबी जमणार न्हाई."
"बा शेत विकंल आन् तू हितं पुस्तकं उघडून बसशील."
"सगळ्यांचं झालं, तूच राह्यलीस."

ॲरन बेक नावाच्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांशी बोलताना हेच हेरलं होतं. उदास माणसाच्या डोक्यात अशी वाक्यं न बोलावता, झरझर येतात, आणि इतकी ओळखीची असतात की ती खरी आहेत की खोटी हे आपण तपासतच नाही. पुढे त्यावरच उपचाराची एक पद्धत उभी राहिली. समुपदेशनात वही लिहायला सांगतात ते त्यामुळेच.

तिसऱ्या रात्री वही पुन्हा वाचा आणि दोन गोष्टींवर खूण करा. एक, 'कधीच', 'सगळे', 'कायम', 'काहीच' असे शब्द कुठे कुठे आलेत. दोन, हे वाक्य मुळात कुणाचं आहे. दुसऱ्या खुणेने मी हादरले. निम्मी वाक्यं माझी नव्हतीच. 'तूच राह्यलीस' हे चुलतीचं, दिवाळीतलं. 'तुझ्याच्यानं होणार नाही, बीएडचा फॉर्म भर' हे एका क्लासच्या सरांचं, भर वर्गात काढलेलं. ते बोलून विसरले असतील. मी मात्र दीड वर्ष ते वाक्य माझ्याच आवाजात रोज ऐकत होते.

इथे एक चूक हमखास होते. वाक्यं लिहिता लिहिता त्यावर पानंच्या पानं भरत जातात आणि दुःख उगाळणं सुरू होतं. एका वाक्याला एक ओळ. पंधरा मिनिटं झाली की वही बंद.

२. वाक्याकडे पुरावा मागा

चौथ्या दिवसापासून रोज एकच वाक्य घ्या. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ते वाक्य खरं ठरवणाऱ्या घटना, उजवीकडे खोटं ठरवणाऱ्या. फक्त घटना लिहायच्या. मत नाही, भावना नाही, आणि 'लोक म्हणतात' तर मुळीच नाही.

'तुला कायबी जमणार न्हाई' याच्या डावीकडे मी लिहिलं: दोनदा पूर्व निघाली नाही, गणिताचे निम्मे प्रश्न सोडून आले. उजवीकडे आधी काहीच सुचेना. ताई म्हणाल्या, परीक्षा सोडून बाकीचं आयुष्य आठवा. मग हळूहळू आलं. दुष्काळाच्या वर्षी टँकरच्या रांगेत उभं राहून बारावी काढली. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला मार्क वाढले, कटऑफ सहा मार्कांनी हुकला. शेजारच्या काकूंचा पेन्शनचा अर्ज मी भरून दिला आणि तो मंजूर झाला.

आता दोन्ही बाजू वाचून तिसरं वाक्य लिहायचं. ते गोड नको, खरं हवं. माझं असं झालं: "गणित कच्चं आहे, त्यामुळे दोनदा हुकलं. बाकीचं जमतंय."

या वाक्यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही, हे मला मान्य आहे. पण त्याला आतून "होय तर!" असं उत्तर आलं नाही. आणि त्यात एक काम दिसत होतं, गणित. 'तुला कायबी जमणार न्हाई' यातून काय काम निघणार?

माझ्या पिवळ्या चिठ्ठ्या का फसल्या तेही मला पुढे वाचनात सापडलं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य त्यांनी लोकांना मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं, त्यांना थोडंसं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज आहे त्यालाच ते औषध बाधत होतं! न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच विरुद्ध बाजूचे पुरावे काढून देतं. तेव्हा स्टेटसला लावायचं वाक्य वेगळं आणि वहीतलं वाक्य वेगळं, हे पक्कं धरा.

वाक्य पटतंय का ते तपासायची माझी युक्ती साधी आहे. ते मोठ्याने म्हणायचं. म्हणताना ओठ वाकडा झाला, की वाक्य बदलायचं.

३. स्वतःला हाक मारा

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात विचित्र वाटणारं. स्वतःशी बोलताना 'मी' म्हणायचं नाही. घरी ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने स्वतःला हाक मारायची आणि 'तू' म्हणायचं. 'मी आता काय करू' याऐवजी 'अगं अमकी, आत्ता अर्ध्या तासात तू काय करू शकतेस?'

मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांच्या गटाने २०१४ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांसमोर बोलायचं दडपण असलेल्यांपैकी काहींना 'मी' म्हणून आणि काहींना स्वतःचं नाव घेऊन विचार करायला सांगितलं. नाव घेणाऱ्यांना घबराट कमी झाली, आणि नंतर लाज वाटत तेच ते घोळवत बसणंही कमी झालं. नाव घेतलं की आपण स्वतःकडे जरा लांबून, मैत्रिणीकडे बघावं तसं बघतो. आणि मैत्रिणीला आपण 'तुला कायबी जमणार न्हाई' म्हणत नसतो.

आपल्याकडे हे नवीन नाही, हे मला एकदा सज्जनगडावर बसले असताना लख्ख जाणवलं. समर्थांचे २०५ मनाचे श्लोक लहानपणी पाठ केले होते, पण ते कुणाला उद्देशून आहेत याचा विचार कधी केला नव्हता. ते मनाशी बोलतायत. आणि हाक कशी मारतायत? 'मना सज्जना'. पुढे मनाला भरपूर सुनावलंय, पण हाक मारली ती सज्जन म्हणून. आमच्या सरांनी तेवढं जरी घेतलं असतं!

खोलीत बोलायची लाज वाटत असेल तर सकाळी अजिंक्यताऱ्यावर चला. सहाच्या सुमाराला चढणीला एवढी माणसं कानात हेडफोन घालून बोलत असतात की तुम्ही कुणाशी बोलताय हे कुणी बघत नाही. मी मंगळाईच्या देवळापर्यंत जाताना वहीतलं तिसरं वाक्य म्हणायचे, उतरताना दिवसाची कामं.

४. पोटाचं आणि झोपेचं

यावर लांबण लावत नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. रात्री दीडला आलेला 'माझं काहीच खरं नाही' हा विचार आणि सकाळी नाष्टा करून आलेला तोच विचार, यांचं वजन सारखं नसतं. म्हणून मी एक नियम केला: रात्री अकरानंतर स्वतःबद्दल कोणताही निकाल द्यायचा नाही. सुनावणी सकाळी.

झोप सात तासांच्या खाली नको. अठरा वर्षांच्या आतल्यांना आठ ते दहा तास लागते. दुपारी चारनंतरचा चहा-कॉफी सोडून बघा, कारण पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं. अभ्यासिकेतली पोरं 'मी चार तास झोपतो' हे पदक मिरवल्यासारखं सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. मेसचा डबा नको वाटला तरी अर्धा खा. दिवसातून वीस मिनिटं उन्हात चाला.

फारच वाईट दिवसासाठी मी वहीच्या मागच्या पानावर चार कामं लिहून ठेवली होती: आंघोळ, पांघरुणाची घडी, चार घास, खालच्या टपरीपर्यंत एक फेरी. ती झाली की दिवस भरला. 'मूड आला की करेन' म्हणून वाट बघायची नाही. उदासीत मूड आधी येत नाही; हातपाय हलले की मागून थोडा येतो.

५. एक माणूस धरा

वही बोलत नाही. एक जिवंत माणूस लागतो, आणि तो शोधताना 'सगळ्यात जवळचा' पाहू नका, 'मधे न बोलणारा' पाहा. माझ्या बाबतीत ती मामेबहीण निघाली, जिच्याशी एरवी मी महिनोन्महिने बोलत नसे.

सांगायचं कसं यात बरेचजण अडकतात. मी हे शब्द वापरले, तुम्हीही वापरा: "ताई, मला दहा मिनिटं बोलायचंय. सल्ला नको, फक्त ऐक. गेले तीन आठवडे मला झोप नाही आणि कशातच मन लागत नाही." किती दिवस आणि काय होतंय, हे दोन्ही सांगा. नुसतं 'बरं वाटत नाही' म्हटलं तर समोरचा क्रोसिन घ्यायला सांगतो.

आईवडिलांना सांगताना 'डिप्रेशन' शब्दाने सुरुवात करू नका. तो ऐकला की ते घाबरतात, नाहीतर 'आमच्या वेळी असलं नव्हतं' सुरू होतं. झोप, भूक, डोकं दुखणं, रडू येणं, यापासून सुरू करा. माझी आई 'नैराश्य' ऐकून गप्प झाली असती. 'आई, महिनाभर मी नीट जेवले नाही' ऐकून तिने दुसऱ्या दिवशी दहिवडीहून एसटी पकडली.

परीक्षेनंतरच्या कटऑफच्या ग्रुपमधून मात्र बाहेर पडा. आन्सर की येईपर्यंत तिथे फक्त एकमेकांची धडधड वाढवली जाते. म्यूट करून भागत नाही, हा अनुभव आहे.

६. वही कधी पुरत नाही

दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटतंय किंवा आवडीच्या गोष्टीतही रस उरला नाही, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली आहे, आणि त्यामुळे रोजची कामं अडली आहेत, तर डॉक्टरकडे जायचं. स्वतःशी चांगलं बोलणं हे रोज दात घासण्यासारखं आहे. दाढ किडली की दाताच्या डॉक्टरकडे जावंच लागतं.

मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच क्षणी कुणाच्या तरी सोबत बसा, खोलीत एकटं राहू नका आणि १४४१६ लावा. ही टेली मानस, केंद्र सरकारची मोफत सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२. मी १४४१६ पहिल्यांदा लावला तेव्हा अर्धा मिनिट काहीच बोलू शकले नाही. पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नाही.

साताऱ्यात सरकारी उपचारासाठी क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय, त्याला तिथेही सिव्हिलच म्हणतात. खिडकीवर मानसोपचार विभागाचा केसपेपर मागायचा. मला 'मानसोपचार' शब्द मोठ्याने उच्चारायला दोन खेटे घालावे लागले होते. मागच्या माणसाने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

सोबत न्यायचं:

- आधार कार्ड
- आधीच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं. थायरॉइड किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही थकवा आणि उदासी येऊ शकते, म्हणून डॉक्टर कधी कधी रक्त तपासायला सांगतात.
- एका कागदावर गेल्या दोन आठवड्यांची झोप, जेवण आणि तुमची तीन-चार वाक्यं. आत गेल्यावर सगळं विसरायला होतं.
- पाण्याची बाटली, आणि अर्धा दिवस मोकळा

कोण काय करतं तेही माहीत असू द्या. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस झालेले डॉक्टर, गोळ्या तेच लिहितात. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. खासगीत जाणार असाल तर ती विचारायला लाजू नका. पाच दिवसांचं शिबिर करून बोर्ड लावलेलेही खूप आहेत.

नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या तर त्या पहिल्या दिवशी काम करत नाहीत, साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. मधल्या काळात मळमळ किंवा डोकं जड होऊ शकतं. अस्वस्थता वाढली किंवा वाईट विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना सांगा. आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. मी दुसऱ्या महिन्यात केल्या, चार दिवसांत चक्कर आणि चिडचिड घेऊन परत रांगेत. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या घेणं तर नकोच.

'नोंद झाली तर नोकरीत अडचण येईल' ही भीती तयारी करणाऱ्या प्रत्येकाला असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुमच्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. रूममेट, क्लास, पाहुणे यांपैकी कुणालाही ती मागता येत नाही.

घरचे बाहेरचं झालंय म्हणून देवऋषाकडे न्यायला निघाले, तर भांडण करण्यात शक्ती घालवू नका. मी म्हटलं, "देवाला नारळ फोडू, पण आधी डॉक्टर." आजीला ते पटलं. अंगारा लावून घेतला, गोळीही घेतली. उतारे, कोंडून ठेवणं, मारहाण यावर मात्र ठाम नाही म्हणा. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पहिल्या भेटीला डॉक्टर दहा-पंधरा मिनिटंच देतात, बाहेर गर्दी असते. तेवढ्यावरून 'इथे काही खरं नाही' असं ठरवू नका. समुपदेशनाची वेळ वेगळी मिळते, ती मागून घ्यावी लागते. तारीख केसपेपरवर लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. माझा पेपर मेसच्या डब्याच्या पिशवीत भिजला, आमटीत अक्षर पुसलं, आणि पुन्हा त्याच खिडकीवर पहिल्यापासून रांग लावली. तेव्हा मात्र 'मानसोपचार' एका दमात म्हटलं.